स्वखुशीने घरी नेत आहे

माझ्या नातीची हजेरी कुणी कागदावर बघितली तर म्हणेल, पोरगी गुणाची आहे. वर्षातले चार-दोन दिवस सोडले तर रोज हजर. आणि रोज मीच तिला दप्तरासकट शाळेच्या फाटकातून आत सोडलेलं आहे, त्यामुळं ती हजेरी खोटी आहे असंही मला म्हणता येत नाही. साडेदहाला परिपाठ होतो, प्रार्थना होते, बाई हजेरी घेतात, ही 'हजर' म्हणून ओरडते. बहुतेक वेळा आपलं नाव यायच्या आधीच ओरडते. एवढं झालं की तिची शाळा झाली. साडेअकराच्या सुमाराला माझा मोबाईल वाजतो आणि हेडमास्तर म्हणतात, "बाबा, जरा येता का? पोरीला घेऊन जा."

मी जातो, तिला घरी आणतो. हजेरीत ती पाच वाजेपर्यंत शाळेतच असते.

हे दीड वर्ष चाललं. ते का चाललं आणि त्यात माझा हात किती होता, ते लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही. दुसरीत शाळा सुटली. छापील अक्षर मी जुळवून जुळवून वाचतो आणि लिहितो तेही तसंच, सुटं सुटं. एका पानाला दोन दिवस लागतात. सून चुका काढते. काही चुका मी तिला काढू देत नाही.

आमचं गाव देवळाली प्रवराच्या पुढं, कालव्याच्या कडेला. मुलगा भाजीपाल्याचा टेम्पो चालवतो, आठवड्यातले चार-पाच दिवस रस्त्यावरच. सून रोपवाटिकेत ट्रे भरायला जाते, सकाळी आठला निघते ती सहाला येते. माझी बायको देवाघरी गेली. म्हणजे दिवसभर घरात मी आणि तो मोबाईल. नात आठ वर्षांची, तिसरीत.

ती कशी आहे ते आधी सांगतो, कारण लोक ऐकून घ्यायच्या आधीच 'वांड आहे' म्हणून मोकळे होतात. जेवायला बसली की एक घास घेऊन उठते, अंगणातली कोंबडी बघून येते, मग दुसरा घास. लांब कुठं पाण्याची मोटर चालू झाली की जेवता जेवता सांगते, ही अमक्याची मोटर, आणि बरोबर सांगते. दप्तर हापशावर विसरते. एक गोष्ट सांगायला लागली की तिच्यातून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, आणि पहिली कुठं गेली ते तिलाही कळत नाही. वर्गात बाकावर उभी राहते. बाईंनी अर्धा प्रश्न विचारला की उत्तर देऊन टाकते, आणि बरोबर उत्तर देऊनही ओरडा खाते, कारण तिला विचारलेलंच नसतं. एकदा कालवा साफ करायला जेसीबी आला होता. तो बघायला ही मधल्या सुट्टीत फाटकातून निघाली ती थेट कालव्याच्या भरावावर. कालव्याला तेव्हा पाणी नव्हतं, पण असतं तर? त्या दिवशी शाळेतले सगळे घाबरले. मीही घाबरलो. फोन सुरू झाले ते त्या दिवसापासून.

मी तिला मारलंही आहे. लपवत नाही. त्या कालव्याच्या दिवशी घरी आणून पाठीत दोन दिल्या. रडली. रडता रडता तिला समोरच्या पत्र्यावर माकड दिसलं आणि डोळे पुसायच्या आत माझाच हात ओढायला लागली, "आबा, माकड! आबा, त्याचं पिल्लू बघा!" मार विसरूनही गेली. मारून काही होणार नाही हे मला तिथंच कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण मान्य करणं हा माझा स्वभाव नाही.

मग सुनेनं नगरला दवाखान्यात न्यायचा हट्ट धरला. आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात नगरच येतं. मी म्हणालो, "माझी नात येडी न्हाई."

"येडी कोण म्हणतंय, मामा? दाखवून तर येऊ."

"दाखवायला ती काय मोटर हाय?"

"मोटर बिघडली की तुमी त्याच दिवशी राहुरीहून मेकॅनिक आणता. पोरीलाच न्यायला काय हुतंय?"

मी चिडलो, आणि चिडूनच त्यांच्याबरोबर नगरला गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तासभर बघितलं. पोरगी आधी टेबलाखाली गेली, मग खुर्चीवर उलटी बसली, मग वजनाच्या काट्यावर चढून तो मोडतो की काय अशी नाचली. डॉक्टरबाई तिच्याशी बोलत, आम्हाला विचारत, लिहीत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात. बुद्धी चांगली आहे. पण लक्ष एका जागी धरून ठेवता येत नाही, अंग थांबत नाही. ती हे मुद्दाम करत नाही.

मी विचारलं, "किती दिवसांत बरं हुईल?"

"हा ताप नाही बाबा, उतरायला."

मला राग आला. डॉक्टरकडं जायचं ते बरं व्हायला, नाहीतर कशाला एवढं एसटीनं यायचं? पण पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी नीट ऐकलं. गोळीचं तीन महिन्यांनी ठरवू, म्हणाल्या, आधी शाळेत या पाच गोष्टी करून बघा. त्यांनी कागद छापून दिला. पुढच्या बाकावर बसवा, काम थोडं थोडं द्या, मधूनमधून उठायला कारण द्या, असं सगळं. "आणि काही झालं तरी तिची शाळा बुडू देऊ नका. घरी राहायची सवय लागली की परत बसणं अवघड होत जातं."

तो कागद मी स्वतः हेडमास्तरांच्या हातात दिला. "बरं झालं आणलंत," म्हणाले, आणि टाचणी मारून फायलीला लावला. चौथ्या दिवशी साडेअकराला फोन.

घरी मात्र मी माझ्या पद्धतीनं सुरू केलं होतं. उभा जन्म मी लोकांच्या उसाला दारं धरली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. पाटानं पाणी येतं, ते एका सरीत सोडायचं. सरी भरत आली की फावड्यानं तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. भिजलेल्या पायांनी दिवसभर एवढंच. घाई करून सगळं पाणी एकाच सरीत सोडलं की ती फुटते, आणि मग भिजवणं राहतं बाजूला, फुटलेलं सांधण्यातच दिवस जातो. नातीला मी पाच गणितं द्यायचो. झाली की पळत जाऊन कडुनिंबाला हात लावून यायचं. मग पुढची पाच. अशी तासाभरात वीस गणितं व्हायची. तेच 'तासभर गप बसून कर' म्हटलं की दोन. हे काही मला डॉक्टरांनी शिकवलं नाही. मी दोन-तीनदा शाळेत सांगितलंही. हेडमास्तर म्हणाले, "बाबा, तुमच्या घरी ती एकटी आहे."

खरं होतं त्यांचं. तरी मला ते लागलं.

आता त्या वहीचं सांगतो. शाळेत एक जाड वही आहे. शाळा सुटायच्या आधी मूल घरी न्यायचं तर पालकानं तिच्यात सही करायची. मी गेलो की हेडमास्तर वहीत दोन ओळी लिहायचे. त्यांचं अक्षर म्हणजे एका दमात ओढलेली रेघ. वही माझ्याकडं फिरवायचे. "वाचा आणि सही करा, बाबा." मी खिशातून चष्मा काढायचो, उपरण्यानं पुसायचो, डोळ्यांवर ठेवायचो आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मान न्यायचो. वाचणाऱ्याला जेवढा वेळ लागतो तेवढा घ्यायचो. मग सही. सही मला झोकात येते.

मला हाताचं अक्षर वाचता येत नाही. कधीच आलं नाही. छापलेलं वेळ मिळाला तर जुळवतो, पण कुणी समोर उभं असलं की तेही जमत नाही.

हे कुणाला माहीत नव्हतं. आम्ही ख्रिस्ती, आमच्या वस्तीवर जुनं देऊळ आहे; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. रविवारी भक्तीला पाळक गीताचा आकडा सांगतात. आकडे मला चांगले येतात. मी पुस्तक उघडून बरोबर त्या आकड्यावर बोट ठेवतो आणि खड्या आवाजात गातो, पान संपतं तिथं पान उलटतो. पन्नास-साठ गीतं मला आईपासून तोंडपाठ आहेत. नवीन गीत असलं की मला खोकला येतो. माझ्या बायकोला ठाऊक असावं, पण ती काही न बोलता गेली. बाकी गावात मी वाचणारा माणूस. त्या नावाला धक्का लागू नये म्हणून मी हेडमास्तरांना एकदाही विचारलं नाही की, काय लिहिलंय. मला वाटायचं, लिहून लिहून काय लिहिणार? पोरगी इतक्या वाजता गेली, आजोबांनी नेली. तेच असणार.

यंदाच्या दिवाळीनंतर हेडमास्तरांनी सुनेला बोलावून सांगितलं, हिचं इथं होणार नाही. नगरला अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे, तुम्ही दाखला काढून घ्या. सून त्या दिवशी घरी आली ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "आठ वर्षाची पोर मी तिथं ठेवू? रात्री झोपेत तिचे पाय चालतात. तिच्या अंगावर पांघरूण कोण घालणार, मामा?" दुसऱ्या दिवशी तिनं कामाला खाडा केला आणि तालुक्याच्या शिक्षण कचेरीत जाऊन बसली. तिथं तिला एक बाई भेटल्या. अशा मुलांसाठी शाळाशाळांतून स्कूटीवर फिरतात, खास शिक्षिका आहेत. त्यांनी सांगितलं, पालकानं मागितल्याशिवाय शाळेला दाखला देता येत नाही. मी येते, बसून बोलू.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बैठक ठरली. हेडमास्तर, वर्गाच्या बाई, शाळा समितीचे अध्यक्ष, स्कूटीवाल्या बाई, सून आणि मी. अध्यक्ष आमच्याच वस्तीवरचे, देवळात माझ्या मागं दोन बाक सोडून बसतात. नात बाहेर झेंड्याच्या खांबाभोवती फेऱ्या मारत होती.

मी सुनेला आधीच बजावलं होतं, "तू बोलू नको. मी बगतो." आणि मी सुरुवातच मोठ्या आवाजात केली. "पोरगी रोज येती. तुमी तिला ठिवत न्हाई. तासाभरात हाकलता. डॉक्टरनं सांगितलंय शाळा बुडवायची न्हाई, आन शाळाच बुडवती!"

हेडमास्तर शांत. "बाबा, आम्ही हाकलत नाही. तुम्ही नेता."

"तुमी फोन करता म्हनून नेतो."

त्यांनी कपाटातून ती जाड वही काढली आणि स्कूटीवाल्या बाईंपुढं ठेवली. बाईंनी वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं. "'नातीस बरे वाटत नसल्याने मी तिला स्वखुशीने घरी नेत आहे.'" पान उलटलं. "'...बरे वाटत नसल्याने स्वखुशीने घरी नेत आहे.'" पुन्हा पान. "'स्वखुशीने...'" मग नुसतीच पानं उलटत गेल्या. मग मान वर केली. "आजोबा, या सगळ्या सह्या तुमच्या?"

झोकातल्या सह्या. दुसऱ्या कुणाच्या असणार?

सून माझ्याकडं वळली. "मामा, हे तुमी लिहून दिलं?"

"वाचून दिलंय," हेडमास्तर म्हणाले. "चष्मा लावून, सावकाश. मी कधी घाई केली का, बाबा?"

नव्हती केली. तेवढं खरं. माझ्या डोक्यात तेव्हा दोनच गोष्टी होत्या. एक, या माणसानं मला फसवलं म्हणून सांगायचं. पण तसं सांगायचं तर वाचता येत नाही हेही सांगावं लागणार, अध्यक्षांसमोर, सुनेसमोर. दुसरी गोष्ट सोपी होती.

"व्हय," मी म्हणालो. "वाचलं हुतं."

आजही ते आठवलं की मला माझाच संताप येतो. त्या एका शब्दानं सगळं फिरलं. स्कूटीवाल्या बाईंनी वही मिटली. "मग मी शाळेला काय बोलणार, आजोबा? तुम्हीच नेत होता तर." सून खिडकीकडं बघायला लागली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. हेडमास्तरांनी आवाज आणखी मऊ केला, "हे बघा, वाद कशाला? तुम्हालाही हेलपाटे, आम्हालाही काळजी. मी दाखल्याचा अर्ज लिहूनच ठेवलाय." आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला, वर पेन ठेवलं. "सही करा, बाबा."

मी चष्मा काढला, पुसला, लावला. पहिल्या शब्दापासून मान न्यायला लागलो. कागद भरलेला होता, त्याच एका दमात ओढलेल्या रेघेनं. अर्ध्या ओळीवर माझी मान थांबली. पुढं जाईना.

"यात काय लिव्हलंय?" मी विचारलं.

"वाचा की."

"तुमी वाचा."

"अहो, तुमच्यासमोरच आहे."

"मला हाताचं अक्षर वाचता येत न्हाई," मी म्हणालो. "कदीच आलं न्हाई. आकडे येत्यात आन सही येती. बास."

मग अध्यक्षच म्हणाले, "काय सांगता, बाबा! रविवारी तर पुस्तक धरून गाता की! पान बी उलटता!"

"तोंडपाठ हाय."

ते हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. सुनेचं तोंड बघितलं आणि थांबले. वर्गाच्या बाईंनी खाली बघितलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. उठलो नाही, एवढंच माझ्या हातून त्या दिवशी बरं झालं.

हेडमास्तर म्हणाले, "मला सांगायचं ना, बाबा. मी वाचून दाखवलं असतं."

"तुमी खरं लिव्हलं असतं तर मला न वाचताच सही करून चाललं असतं."

"तिला खरंच बरं नव्हतं का?" स्कूटीवाल्या बाईंनी त्यांना विचारलं. "एका तरी दिवशी?"

हेडमास्तरांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. मग एकदम म्हणाले, "मॅडम, कालवा शंभर पावलांवर आहे. फाटकाला कडी नाही. ही पोरगी कधी निघून जाईल सांगता येत नाही. उद्या काही झालं तर पेपरात माझं नाव येणार, बाबांचं नाही." माणूस लबाड नव्हता. भ्यालेला होता. पण त्याच्या भीतीपायी माझ्या नातीची दीड वर्षाची शाळा गेली, ते मी विसरणार नाही.

स्कूटीवाल्या बाईंनी फाईल मागितली. डॉक्टरांचा कागद तिच्यात होता, टाचणीसकट. त्यांनी तो वर्गाच्या बाईंना दिला. बाईंनी वाचला आणि त्यांचा चेहराच बदलला. "हा मला कुणी दाखवलाच नाही!" आणि मग त्याही फुटल्या. "दाखवला असता तरी मी काय करणार होते? माझ्याकडं दोन वर्ग. ऑनलाईन माहिती भरा, खिचडीचं बघा. हिला मी पुढं बसवते, काम थोडं थोडं देते, मधेच उठवते, आणि बाकीच्या चाळीसांचं काय?"

मला वाटलं आता आपण सांगावं. मी दारं धरायचं सांगितलं, सरीचं, फुटण्याचं.

"पोरं म्हणजे ऊस नाही, बाबा," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"न्हाई. ऊस एका जागी तरी ऱ्हातो."

यावर त्या हसल्या. खोलीत पहिल्यांदाच कुणी खरं हसलं. पण हसून प्रश्न सुटत नाही. तासभर नुसती घासाघीस. शेवटी ठरलं ते असं: तिला पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब. पाच-सहा ओळी झाल्या की फळा पुसायचा, नाहीतर खिचडीच्या पोरांचा आकडा स्वयंपाकाच्या बाईला सांगून यायचं. फाटकाला कडी बसवायची, ती अध्यक्षांनी अंगावर घेतली. आणि घरी पाठवायची वेळ आलीच तर आधी तिच्या आईला फोन, आणि वहीत खरं कारण. स्कूटीवाल्या बाई महिन्यातून दोनदा येणार. मी घरी आठ महिने करत होतो तेच सगळं. पण ते त्यांनी कागदावर लिहिलं, तेव्हा ते शाळेला पटलं.

घरी येताना सून माझ्या मागं चालत होती. नात पुढं. कालव्याच्या पुलावर आल्यावर सून थांबली.

"मामा, लाईटबिल तुमी वाचून मला सांगता."

"आकडा सांगतो."

"आणि तुमच्या बीपीच्या गोळ्या?"

"रंगावरनं."

मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "मला सांगायला काय झालं हुतं? मी बारावी शिकलेली बाई घरात हाये. रोज संध्याकाळी वही आणून दाखवली असती तर मी वाचली असती. दीड वर्ष, मामा. तिसरीत आली तरी तिला धड वाचता येत न्हाई, आणि आपण म्हणतो तिच्या डोक्यात दोष हाय."

मी नातीच्या मागं चालायला लागलो.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर सून ते खोडून टाकेल. कडी तीन आठवड्यांनी बसली, तीही मी अध्यक्षांच्या दारात रोज जाऊन बसल्यावर. काही दिवस पोरगी पाचपर्यंत टिकली. काही दिवस नाही. बाई आजारी पडल्या तेव्हा बदलीवर आलेल्या बाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी हिला दोन दिवस मागच्या बाकावर बसवली, तिसऱ्या दिवशी ही शाळेत जायला तयार होईना. पोट दुखतंय म्हणाली. मी उचलून नेली. आठ वर्षांची पोर, माझ्या या गुडघ्यांवर. गावातल्या बाया बघत होत्या. एक म्हणाली, "बाबा, कशाला जबरदस्ती करता? ऱ्हाऊ द्या की एक दिवस." ते 'एक दिवस' काय असतं ते मला विचारा.

परवा, मंगळवारी, पुन्हा फोन आला. बारा वाजले असतील. "बाबा, येता का? आज फारच झालंय." मी विचारलं, "तिच्या आईला लावला का?" म्हणाले, "लागत नाही." गेलो. ही वर्गाच्या दारात उभी, गाल लाल, कुणाशी तरी भांडलेली. हेडमास्तरांच्या टेबलावर वही उघडी. त्यांनी पेन हातात घेतलं होतं, पण काही लिहिलं नव्हतं.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं.

"जे झालंय ते लिव्हा. शाळेनं घरी पाठवली, असं. मग मला वाचून दाखवा. मग मी सही करतो."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं. मी चष्मा खिशातून काढलाच नाही. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बसा बाहेर. बघू अर्धा तास."

मी व्हरांड्यातल्या कट्ट्यावर बसलो. अर्ध्या तासानं कुणी काही विचारलं नाही, म्हणून तसाच बसलो. ऊन कट्ट्यावर आलं, मी सरकलो. आत बाईंचा आवाज दोनदा चढला. एकदा मी उठलो, आणि परत बसलो. नात माझ्यासमोरून डस्टर घेऊन गेली, झाडून आली, खिचडीच्या बाईकडं आकडा घेऊन गेली, आली. एकदाही माझ्याशी बोलली नाही, तिला वेळ नव्हता. मी मनातल्या मनात चिडत बसलो. या बाईंची जूनमध्ये बदली झाली तर? पुढच्या वर्षी चौथी, मग पाचवीला दुसऱ्या गावची शाळा, तिथं नवे हेडमास्तर, नवी वही, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. मी किती वर्षं पुरणार? आणि ज्या पोरांच्या घरी दिवसभर रिकामा म्हाताराही नाही, त्यांचं कोण बघतं?

पाचची घंटा झाली. पोरं बाहेर सुटली, त्यांच्यात ही. मला बघून थांबली.

"आबा, तुमी दुपारीच कशाला आलात?"

"आलो असाच."

"पाचला यायचं असतं," ती म्हणाली, आणि दप्तर माझ्या हातात कोंबून पुढं पळाली.